पाला गुडघाभर, खाली शेपटी: हिवाळ्यात मुळा पोसत का नाही?

दिवाळीच्या आसपास मुळा टोकायचा, म्हणजे बोटानं खड्डा करून बी पेरायचं. चौथ्या दिवशी तो उगवतो, महिन्याभरात वाफा हिरवागार होतो, पाला गुडघ्याला लागायला लागतो. दीड महिन्यानं मोठ्या आशेनं एक मुळा उपटावा तर खाली करंगळीएवढी पांढरी शेपटी. दुसरा उपटावा, तोही तसाच. अख्ख्या वाफ्यात जेवणात वाढता येईल असा एक मुळा निघत नाही, आणि पाल्याची भाजी तरी किती दिवस करणार?

नाशिकला आमच्या घरामागे दहा फूट बाय चार फुटांचा वाफा आहे. त्यात सलग तीन हिवाळे मला हेच झालं. दर वर्षी मी एक कारण धरून बसायचे: यंदा थंडी कमी पडली, बी खराब होतं, मातीच मुळ्याची नाही. चौथ्या वर्षी वाफ्यातून मनगटाएवढे मुळे निघाले, तेव्हा कळलं की कारण एक नव्हतंच. चार होती आणि ती एकमेकांच्या जोडीनं येत होती. एक सुधारलं की बाकीची तीन तशीच राहायची, म्हणून फरक दिसायचा नाही. मुळ्याबद्दल हीच तक्रार ज्यांची दर हिवाळ्यात असते, त्यांनी एकेक उपाय सुटा करून बघण्यापेक्षा आधी निदान नीट करावं.

आधी उपटून बघा

वाफ्याच्या वेगवेगळ्या ठिकाणचे पाच-सहा मुळे उपटा. कडेचे दोन, मधले दोन, भिंतीलगतचे दोन. धुऊन वर्तमानपत्रावर ओळीनं मांडा. कडेचे जाड आणि मधले बारीक असतील तर दाटी झाली आहे. सगळेच सारखे बारीक आणि पाला गडद हिरवा, मऊ, लुसलुशीत असेल तर खत जास्त झालं आहे. पाला फिकट, देठ लांब आणि झुकलेले असतील तर ऊन कमी पडतंय. मधून दांडा वर येऊन कळ्या दिसत असतील तर तारीख किंवा वाण चुकलं आहे. मुळा जाड आहे पण त्याला दोन-तीन पाय फुटलेत, तर तो प्रश्न मातीचा आहे, त्याकडे नंतर येते.

आमच्याकडे पहिल्या चारही खुणा एकाच वाफ्यात होत्या.

दाटी: इथेच बहुतेकांचा मुळा जातो

मुळ्याच्या बियांची दहा ग्रॅमची पुडी घेतली तर तिच्यात साधारण आठशे ते हजार बिया असतात. आता आमच्या वाफ्याचा हिशेब बघा. चार फूट रुंदीत एकेक फुटावर चार ओळी बसतात. प्रत्येक ओळ दहा फुटांची, म्हणजे तीन मीटरची. लांब पांढऱ्या मुळ्याला दोन रोपांत ८ ते १० सेंटिमीटर जागा लागते. म्हणजे एका ओळीत तीसेक, सगळ्या वाफ्यात मिळून सव्वाशेच्या आत मुळे. आणि मी काय करत होते? अख्खी पुडी फोकून, म्हणजे हातानं विखरून, मोकळी होत होते. सव्वाशेंच्या जागेत आठशे.

दाट रोपं वरून फार छान दिसतात. वाफ्यात माती दिसत नाही, मन भरून येतं. पण खाली काय चाललंय ते समजून घ्यायला हवं. आपण ज्याला मुळा म्हणतो त्याचा वरचा भाग खरं तर मूळ नसतोच. उगवल्यावर जी दोन जाड बीजदलं दिसतात, त्यांच्या खालचा कोवळा दांडा फुगून तो भाग तयार होतो. साधारण दोन आठवड्यांच्या सुमाराला, दोन-तीन खरी पानं आली की, या दांड्याची बाहेरची पातळ साल उभी फाटते. बोटानं माती जरा बाजूला केली तर दिसते. पहिल्यांदा बघितल्यावर मला तो रोग वाटला होता. तो रोग नव्हे. आतला मुळा जाड व्हायला लागला आणि जुनी साल त्याला पुरेनाशी झाली, याची ती खूण आहे.

ही साल फाटायच्या वेळी रोपाला आजूबाजूला मोकळी जागा आणि पानांवर थेट ऊन मिळालं पाहिजे. शेजारची रोपं खेटून असली तर ते रोप उजेडासाठी वर ताणतं. दांडा फुगायच्या ऐवजी लांबतो, बारीक होतो, आडवा पडतो. एकदा तो तसा लांबला की पुढे कितीही खत-पाणी घाला, त्याचा चांगला मुळा होत नाही. म्हणून विरळणी महिन्यानं करून उपयोग नाही. ती पहिल्या पंधरा दिवसांतच व्हायला हवी.

माझ्या सासूबाईंचं बालपण निफाडकडच्या मळ्यात गेलं. त्या पहिल्या वर्षापासून सांगत होत्या, "अगं, उगवलेलं उपटायला जीव होत नाही ना, म्हणून मुळा होत नाही." मला ते कठोर वाटायचं. आपण बी लावलं, ते उगवलं, आता ते आपल्याच हातानं उपटायचं? पण विरळणीत निघालेलं काही वाया जात नाही. आठवड्याची रोपं बारीक चिरून थालीपिठात किंवा दह्यातल्या कोशिंबिरीत घालायची. पंधरा दिवसांची रोपं मुगाची डाळ भिजवून भाजीला. मुळ्याच्या पाल्याची इतकी कोवळी भाजी बाजारात मिळतच नाही.

पद्धत अशी. बी फोकू नका, टोका. ओळीत एकेक मूठ अंतरावर, मूठ जमिनीवर ठेवून मोजली तरी चालते, दोन-दोन बिया एक ते दीड सेंटिमीटर खोल. सातव्या-आठव्या दिवशी प्रत्येक जागी एकच रोप ठेवा. बी फोकलेलं असेल तर त्या दिवशी दोन-दोन बोटांवर एक रोप राहील अशी पहिली विरळणी, आणि पंधराव्या दिवसापर्यंत मूठभर अंतराची दुसरी. आदल्या संध्याकाळी पाणी द्या, सकाळी वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, उपटा. शेजारच्या रोपाचं मूळ हलेल असं वाटलं तर उपटू नका, कात्रीनं मातीलगत कापा. ठेवलेल्या रोपांना बीजदलांच्या खालपर्यंत मातीची भर द्या, म्हणजे ती कलंडत नाहीत.

उपटलेली रोपं दुसरीकडे लावायचा मोह मात्र होऊ देऊ नका. मुळ्याचं सोटमूळ पहिल्या आठवड्यातच खोल गेलेलं असतं. उपटताना त्याचं टोक तुटतं, आणि पुन्हा लावलेला मुळा फाटे फुटून वेडावाकडा होतो. त्याच कारणानं मुळ्याची रोपवाटिका करत नाहीत, तो जागेवरच पेरतात.

दुसऱ्या वर्षी मी अर्ध्या वाफ्याची विरळणी केली होती. तरी फरक थोडाच पडला, आणि मी विरळणीवरचा विश्वास सोडून दिला. चूक तिथे झाली. विरळणी बरोबर होती, पण त्याच वाफ्यात मी चार घमेली खत घातलं होतं.

खत: प्रेमानं घातलेलं, पण जास्त

मुळ्याला चांगलं कुजलेलं शेणखत एकरी आठ-दहा टन पुरतं. चौरस मीटरला ते दोन ते अडीच किलो होतं. आमचा वाफा पावणेचार चौरस मीटरचा आहे, म्हणजे त्याला नऊ-एक किलो, सपाट भरलेलं एक घमेलं. परसबागेत आपण शेतकऱ्यापेक्षा किती तरी जास्त खत घालतो, कारण वाफा छोटा असतो आणि खताची गोणी समोर असते. त्यावर दर आठवड्याला जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण), कुणी गांडूळखताचं पाणी, कुणी चिमूटभर युरिया. शिवाय आमच्या त्या वाफ्यात पावसाळ्यात चवळी होती. शेंगवर्गीय पिकाच्या मुळांवरच्या गाठींमधला नत्र मातीत आधीच आलेला होता.

नत्र मिळालं की मुळा पानं काढतो. भरपूर नत्र मिळत राहिलं तर तो पानंच काढत राहतो, खाली साठवण्याची त्याला गरज उरत नाही. कोंबडीखत तर मुळ्याच्या वाफ्यात हंगामाच्या तोंडावर घालूच नये, ते फार तेज असतं.

यावर उपाय सोपा. जिथे चवळी, घेवडा किंवा मेथी होऊन गेली आहे, किंवा पावसाळ्यातल्या पिकाला भरपूर शेणखत घातलं होतं, तिथे मुळ्यासाठी नवं काही घालू नका. विरळणीच्या वेळी मूठभर गांडूळखत ओळीत टाकलं तरी पुरे. पेरल्यावर महिन्यानं वरून कुठलंही नत्र नको.

राखेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ती सगळेच घालतात. राखेत पालाश असतं आणि ते मुळ्याला उपयोगी आहे. कोकणातल्या आंबट तांबड्या मातीत राख चांगलीच. पण देशावरच्या काळ्या मातीचा सामू (पीएच) आधीच चढा असतो, त्यात ओंजळी ओंजळी राख टाकली तर तो आणखी चढतो आणि बोरॉनसारखी सूक्ष्म द्रव्यं मुळांना मिळेनाशी होतात. काळ्या मातीत चौरस मीटरला एखादी मूठ, त्याहून अधिक नको.

भिंतीची सावली

हे मला सगळ्यात उशिरा लक्षात आलं. सप्टेंबरमध्ये वाफा तयार करताना तिथे भरपूर ऊन असतं. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. नाशिकच्या अक्षांशावर सप्टेंबरअखेरीस भर दुपारी भिंतीची सावली तिच्या उंचीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी पडते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती जवळजवळ भिंतीएवढीच लांब होते. आमच्या वाफ्याच्या दक्षिणेला सहा फुटांची भिंत आहे. चार फूट रुंदीचा वाफा भिंतीलगत होता, म्हणजे मुळा पोसायच्या ऐन दिवसांत तो दुपारीसुद्धा सावलीत असायचा. त्या पट्टीत आता पालक आणि कोथिंबीर असते, मुळा दोन मीटर पुढे सरकवला आहे. दिवसाचे सहा तास थेट ऊन नसेल तर त्या जागी मुळ्याचा हट्ट धरू नये.

कोणतं वाण आणि कधी

दुकानातल्या पुडीवर बहुधा एवढंच असतं: "मुळा, लांब पांढरा." एका वर्षी अशीच एक पुडी आणली आणि पस्तिसाव्या दिवशी अर्धा वाफा दांड्यावर आला, कळ्या दिसायला लागल्या. दांडा फुटला की मुळ्यातला साठा वर जातो आणि खालचा मुळा दशीदार होतो. तेव्हापासून वाणाचं नाव नसलेली पुडी मी घेत नाही.

कारण प्रत्येक वाणाचे दिवस वेगळे आहेत. पुसा चेतकी हा उन्हाळ्या-पावसाळ्यातला मुळा, चाळीस-पंचेचाळीस दिवसांत तयार होतो. दसऱ्याच्या आधी, उकाडा असताना पेरायचा असेल तर तो घ्यावा. पुसा रेशमी सप्टेंबरच्या मध्यापासून पुढे. जपानी व्हाइट ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरपर्यंत, त्याला साठेक दिवस लागतात आणि मुळा पंचवीस-तीस सेंटिमीटर लांब होतो. पुसा हिमानी थंडीतला, डिसेंबर ते फेब्रुवारी. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं अर्का निशांत हे पन्नास-पंचावन्न दिवसांचं वाण परसबागेसाठी मला फार आवडतं, कारण त्यात लवकर दांडा फुटणं, फाटे फुटणं आणि आतून भुसभुशीत होणं या तिन्ही गोष्टी कमी आहेत. पहिल्यांदाच मुळा लावणाऱ्यानं त्यानंच सुरुवात करावी.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जी उष्णता असते तिच्यात जपानी व्हाइट टोकलात तर पाला वाढेल आणि मुळा तिखटजाळ निघेल. मी कोजागरीनंतर आठवडाभर थांबते, मग दर बारा-पंधरा दिवसांनी एकेक ओळ टोकते. एकदम सगळा वाफा पेरला तर सगळे मुळे एकदमच काढायला येतात, आणि घरात चार माणसं. शेवटची ओळ संक्रांतीच्या आधी. त्यानंतर दिवस मोठे होत जातात, फेब्रुवारीत ऊन चढतं, आणि आधी थंडी खाल्लेली रोपं झपाट्यानं दांड्यावर येतात.

पाय फुटलेला मुळा

मुळा जाड होतो पण खाली दोन-तीन फाटे फुटतात, तर मूळ वाटेत कशाला तरी अडलं आहे. काळी माती सुकली की ढेकळं कडक होतात. बंगल्याच्या आवारात फूटभर खाली मुरूम आणि विटांचे तुकडे असतात. एक लोखंडी सळई घ्या आणि ओल्या वाफ्यात पाच-सहा ठिकाणी हातानं दाबून बघा. वीतभर जाऊन अडली तर लांब मुळा तिथे सरळ जाणार नाही.

खोल खणणं शक्य नसेल तर वर चढा. वीतभर उंचीचे वरंबे करा आणि वरंब्याच्या माथ्यावर मुळा टोका. काळ्या मातीत हाच उत्तम मार्ग आहे, पाणीही साचत नाही. वाळू मिसळायचा सल्ला बरेच जण देतात. घमेलंभर वाळूनं काळी माती हलकी होत नाही, जुनं कुजलेलं खत आणि पालापाचोळाच वर्षानुवर्षं ते काम करतो. खत मात्र पूर्ण कुजलेलं हवं. मुठीत घेतल्यावर मातीसारखा वास यावा, शेणाचा नाही, आणि आत हात घातल्यावर ऊब लागू नये. ताज्या शेणाचा गोळा लागला की तिथेही मूळ फाटतं.

गच्चीवर कुंडीत लावणाऱ्यांनी दीड फुटांहून उथळ कुंडीत लांब मुळा लावू नये. उथळ ट्रेमध्ये लाल गोल मुळा लावा, तो महिन्याभरात तयार होतो.

बाकीच्या तक्रारी

मुळा उभा तडकतो, कारण चार दिवस कोरडं ठेवून मग एकदम पाट सोडल्यासारखं पाणी दिलं जातं. थोडं पण नियमित द्या, वरून पाचोळ्याचं आच्छादन करा.

आतून भेंडासारखा, भुसभुशीत निघतो, कारण तो जून झाला. उपटायच्या आधी तपासता येतं. सगळ्यात बाहेरचं एक पान बुडापासून दोन बोटं वर कापा. देठ आतून भरीव आणि रसरशीत असेल तर मुळाही तसाच आहे. देठात पोकळी किंवा पांढरा भुसा दिसला तर मुळाही आतून तसाच झाला आहे, उरलेले आजच काढा.

आत तपकिरी डाग आणि वरून साल खरखरीत असेल तर बोरॉनची कमतरता असू शकते. बोरॅक्स चौरस मीटरला फक्त एक ग्रॅम, झारीभर पाण्यात विरघळवून, हंगामात एकदाच. इथे हात सैल सोडू नका, बोरॉन जास्त झालं तर झाडाला विष ठरतं.

पानांना भोकं पडली असतील तर सकाळी लवकर जाऊन बघा. काळपट हिरव्या अळ्या दिसतील, हात लावला की गुंडाळी करून खाली पडतात. त्या मोहरीवर्गातल्या पिकांवरच्या माशीच्या अळ्या. खाली ताट धरून पानं झटकली तर परसबागेतल्या बऱ्याचशा तशाच निघतात. मावा असेल तर निंबोळी अर्क. पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यानं गाळा, थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा. पानांच्या मागच्या बाजूला पोचला पाहिजे.

यंदाचा वाफा आधीच बिघडला असेल तर

पेरून वीस-पंचवीस दिवसच झाले असतील तर आजच विरळणी करा, भर द्या, खत थांबवा. सगळे नाही, पण ज्यांचा दांडा अजून लांबलेला नाही ते मुळे सावरतील. दीड महिना उलटला असेल आणि खाली शेपटीच असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही. पाला कापून भाजीला वापरा, वाफा मोकळा करा आणि संक्रांतीला अजून अवकाश असेल तर पुसा हिमानी टोका.

दांड्यावर आलेली सहा-आठ झाडं मात्र उपटू नका. त्यांना फुलं येतील, मधमाश्या येतील, मग कोवळ्या डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, धरतील. डिंगऱ्यांची भाजी, थोडं डाळीचं पीठ पेरून, हे त्या फसलेल्या वाफ्याचं खरं उत्पन्न. पण त्या सगळ्या खाऊन टाका, त्यांचं बी धरू नका. माझं चौथं आणि सगळ्यात लपलेलं कारण हेच होतं. दुकानातल्या पुडीवर राग येऊन मी घरचंच बी धरायला लागले होते, आणि बी साहजिकच त्या झाडांचं मिळायचं जी सगळ्यांत आधी फुलायची. लवकर दांडा फुटण्याचा गुण मी दर वर्षी स्वतःच निवडून पुढच्या वर्षी पेरत होते.

बी धरायचंच असेल तर ते चांगल्या मुळ्याचं धरा. डिसेंबरमध्ये पहिल्या ओळीतले, उशिरापर्यंत दांड्यावर न आलेले, सरळ, भरीव असे आठ-दहा मुळे निवडून काढा. एकटंदुकटं झाड ठेवू नका, मुळ्याला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. मुळ्याचं खालचं टोक आणि वरचा बहुतेक पाला छाटा, मधला कोंब राखा, आणि बागेच्या एका कोपऱ्यात दीड-दीड फुटावर गळ्यापर्यंत पुन्हा पुरा. हे जमतं ते देशी आणि जपानी व्हाइटसारख्या आशियाई वाणांचं. थंड प्रदेशातली युरोपीय वाणं देशावर बी धरत नाहीत. संकरित बियाण्याच्या झाडाचंही धरू नका, पुढच्या पिढीत ते एकसारखं येत नाही. शेंगा पिवळ्या पडून वाळल्या की काठीनं झोडपून बी काढा, कडक ऊन नको, सावलीत आठवडाभर सुकवा आणि कोरड्या बरणीत वाणाचं नाव व वर्ष लिहून ठेवा.